आजचं चिंतन : यादीबाहेरचा जीव



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक २० ते २२. नेहमीप्रमाणे आधी पोथी किंवा ॲप उघडा, तिन्ही श्लोक एकदा मोठ्याने वाचा आणि मग खाली या. घाई नाही.

या तीन श्लोकांत भगवंत ज्ञानाचे तीन प्रकार सांगतात. वेगवेगळ्या दिसणाऱ्या सगळ्या जीवांमध्ये जे एकच, न तुटलेलं, न संपणारं तत्त्व पाहतं, ते सात्त्विक ज्ञान. जे फक्त वेगळेपण पाहतं, हा वेगळा, तो वेगळा, एवढ्यावरच थांबतं, ते राजस. आणि एकाच छोट्या गोष्टीला चिकटून तेच सगळं मानतं, ते तामस.

हे वाचताना मला आमच्या रविवारच्या सत्संगातला एक प्रश्न आठवला. आमच्यातल्याच एकाने विचारला होता. "दादा, सगळ्यांत आत्मा एकच आणि तो अमर. मग एखादी प्रजाती नामशेष झाली तर नक्की काय बिघडतं? आत्मा तर मरत नाही. मग 'हे वाचवा, ते वाचवा' हा सगळा राजस भेदच नाही का?"

कोणी हसलं नाही, कारण प्रश्न खरा होता. आज त्याच्यावरच बसू या.

कायदा जीवाकडे कसा बघतो

आधी भेद किती टोकाला जातो ते बघू. आपल्या देशात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आहे. त्यात २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आधी सहा अनुसूची होत्या, आता चार आहेत. पहिलीत सगळ्यात कडक संरक्षण असलेले प्राणी, दुसरीत त्याखालोखाल, तिसरीत वनस्पती, आणि चौथीत आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातल्या प्रजाती.

या कायद्यातल्या दोन व्याख्या शेजारी ठेवून वाचा. 'प्राणी' या शब्दाची व्याख्या चांगली ऐसपैस आहे. सस्तन, पक्षी, सरपटणारे, उभयचर, मासे, अगदी पाठीचा कणा नसलेलेसुद्धा, आणि त्यांची पिल्लं आणि अंडीही. घरट्यातलं अंडंही कायद्याच्या नजरेत प्राणीच! हे मला खूप आवडलं.

पण 'वन्य प्राणी' कोण? जो पहिल्या किंवा दुसऱ्या अनुसूचीत नमूद आहे आणि निसर्गात मुक्त आढळतो, तो. म्हणजे जंगलात जन्मला, जंगलात वाढला, एवढं पुरेसं नाही. यादीत नाव हवं. शिकारीची बंदी याच नावांना लागू होते. यादीत नाव नसलेला जीव रानात असेल, पण कायद्याच्या अर्थाने 'वन्य प्राणी' नसेल.

मी दिवसभर कोडमध्ये हेच लिहितो, यादीत असेल तर आत आणि नसेल तर बाहेर. त्यामुळे कायदा असा का लिहिलाय ते मला लगेच कळतं. न्यायाधीशासमोर 'सगळे जीव पवित्र आहेत' असं म्हणून गुन्हा सिद्ध होत नाही. कोणता प्राणी, कोणतं कलम, कोणती अनुसूची, हे सांगावंच लागतं. यादीशिवाय कायद्याला हातपाय नाहीत.

अभयारण्याच्या हद्दीत गोष्ट थोडी वेगळी असते. तिथे प्राण्यांबरोबर त्यांच्या अधिवासालाही संरक्षण मिळतं. आपल्याजवळचं कर्नाळा बघा, १९६८ पासून पक्षी अभयारण्य आहे. पण कर्नाळ्याची हद्द संपली की? आमच्या नेऱ्यात गाढीच्या काठावर, भाताच्या बांधावर, नवीन टॉवरच्या मागे उरलेल्या झाडीत जे जीव आहेत, त्यांच्यासाठी पहिला प्रश्न एकच विचारला जातो. यादीत आहे का?

पिंडाला शिवणारा 'उपद्रवी'

२०२२ च्या दुरुस्तीपर्यंत या कायद्यात पाचवी अनुसूची होती, 'उपद्रवी' प्राण्यांची. तिच्यात होते कावळा, फळं खाणारी वटवाघळं, उंदीर आणि घुशी. या नावांना संरक्षण नाही, मारलं तर विचारणारं कोणी नाही.

कावळा! दहाव्याच्या दिवशी नदीकाठी आपण ज्याची वाट बघत उभे असतो, जो शिवला नाही तर मोठमोठी माणसं हात जोडून 'तुझी राहिलेली इच्छा आम्ही पूर्ण करू' म्हणतात, तो. पितृपक्षात पहिला घास ज्याचा, तो. घाटावर पितर आणि कायद्याच्या पुस्तकात उपद्रवी, आणि हे सुमारे पन्नास वर्षं एकाच वेळी चाललं. कावळ्याला दोन्ही माहीत नव्हतं. तो आपला कावकाव करत होता.

आता ती अनुसूची नाही. तरी दुसऱ्या अनुसूचीतला एखादा प्राणी ठरावीक भागापुरता आणि ठरावीक काळापुरता उपद्रवी म्हणून जाहीर करण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे. रानडुकराने एका रात्रीत ज्याचं शेत उकरलं, त्या शेतकऱ्याकडे बघितलं तर हा अधिकार का ठेवलाय ते समजतं. त्याच्या पोटातही तोच वैश्वानर बसलाय, त्याला विसरून प्राण्यांवर दया दाखवणं सोपं आहे. पण 'या भागापुरता, या काळापुरता' हे शब्द लक्षात ठेवा. उपद्रव ही एक परिस्थिती आहे. तो त्या जीवाचा जन्मभराचा स्वभाव नाही, हे आता कायदाही मान्य करतो.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मध्यंतरी एक मेसेज आला. मागच्या बदामाच्या झाडावर रात्री वटवाघळं येतात, गाड्यांवर चोथा आणि घाण पडते. "ती प्रोटेक्टेड आहेत का कोणी सांगेल का? नसतील तर झाड छाटून टाकू." कोणी वाईट बोललं नाही. सगळे सज्जन, अर्ध्याहून जास्त लोक एकादशी धरणारे. पण वाक्याची रचना बघा. 'नसतील तर.' कायद्याने जिथे संपवलं, तिथेच आपला धर्मही संपला. ज्या जीवांनी रात्रभर उंबराच्या, वडाच्या बिया वाहून डोंगर हिरवे ठेवले, त्यांच्याबद्दलचा एकमेव प्रश्न 'यादीत आहे का' एवढाच उरला. झाडाचा विषय पुढच्या मीटिंगवर गेलाय. म्हणजे वटवाघळं सध्या विचाराधीन आहेत.

विचाराधीन

हा शब्द जरा जड आहे. अनुसूचीत नाव घालायचा, काढायचा, इकडचं तिकडे करायचा अधिकार केंद्र सरकारला आहे. जैवविविधता अधिनियम, २००२ मध्ये आणखी एक तरतूद आहे. जी प्रजाती नामशेष होण्याच्या काठावर आहे किंवा नजीकच्या काळात होऊ शकते, तिला राज्य सरकारशी सल्लामसलत करून 'संकटग्रस्त' म्हणून अधिसूचित करता येतं. पण अधिसूचना निघेपर्यंत? तोपर्यंत तो जीव फाइलमध्ये असतो आणि फाइलच्या बाहेर जगायचा प्रयत्न करत असतो.

अमेरिकेच्या १९७३ च्या कायद्यात या पायऱ्या अगदी स्पष्ट आहेत. जी प्रजाती तिच्या सगळ्या किंवा बऱ्याच मोठ्या प्रदेशातून नामशेष व्हायच्या धोक्यात आहे, ती एका पायरीवर. जी नजीकच्या भविष्यात तिथे पोहोचेल असं दिसतंय, ती त्याखालच्या पायरीवर. आणि या दोन्हींच्या दाराबाहेर उभ्या असतात 'उमेदवार' प्रजाती. मोनार्क नावाचं नारिंगी फुलपाखरू तुम्ही व्हिडिओत बघितलं असेल, हजारो मैल उडत जाणारं. त्याच्यासाठी २०१४ साली अर्ज झाला. २०२० च्या डिसेंबरमध्ये तिथल्या खात्याने उत्तर दिलं. त्याचा सारांश असा, की संरक्षण मिळायला हवं हे मान्य, पण आमच्याकडे याहून निकडीची कामं आधी आहेत. शेवटी २०२४ च्या डिसेंबरमध्ये त्याचं नाव यादीत घालायचा प्रस्ताव आला. अर्जापासून प्रस्तावापर्यंत दहा वर्षं, आणि उमेदवार असताना कायद्याचं संरक्षण शून्य.

आपल्या ऑफिसात टिकेट 'पेंडिंग' असतं तेव्हा फार तर एक फीचर उशिरा जातं. इथे पेंडिंग असताना पिढ्या जातात. त्या खात्यातली माणसं दुष्ट होती असं मी म्हणत नाही. माणसं मोजकी, पैसा मोजका, रांग लांब. कोणाला आधी, हे ठरवावंच लागतं. पण 'तुझं दुःख खरं आहे, थांब' हे उत्तर ऐकणारा जीव आपल्यासमोर बोलू शकत नाही, एवढं तरी मनात राहू दे.

आत्मा एक, हित वेगळं

आता मूळ प्रश्न. आत्मा एकच तर भेद कशाला?

गीतेत भगवंत दोनदा, पाचव्या आणि बाराव्या अध्यायात, साधकाचं एक लक्षण सांगतात. तो सर्व भूतांच्या हितात रमलेला असतो. शब्द 'हित' आहे. आणि हित एकसारखं नसतं. माशाचं हित पाण्यात, गाईचं गोठ्यात, गिधाडाचं मेलेल्या जनावरात. आत्मा एक असला तरी हित ज्याचं त्याचं. ते कळायला भेद बघावाच लागतो.

यासाठी गिधाडांची गोष्ट सांगतो. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त कमी झाली. जे आकाश लहानपणी आईबाबांनी गिधाडांनी भरलेलं बघितलं, ते रिकामं झालं. शिकार नाही, विषप्रयोग नाही. मग काय? २००४ साली संशोधकांना उत्तर सापडलं. डायक्लोफिनॅक. गुरांना सूज आली, ताप आला, पाय दुखला की देतात ते वेदनाशामक. ते औषध घेतलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची.

हे नीट समजून घ्या. ज्याने इंजेक्शन दिलं त्याच्या मनात दया होती. गोमातेचं दुखणं बघवलं नाही म्हणून दिलं. त्या दयेने जटायूचं कूळ संपत आलं. पाप करायची इच्छा कोणाचीच नव्हती. एका जीवाचं हित बघताना दुसऱ्या जीवाचं हित वेगळं आहे, हे माहीतच नव्हतं.

आणि भेद किती बारीक असतो बघा. अमेरिकेतल्या टर्की व्हल्चर या गिधाडाला तेच औषध कितीतरी जास्त प्रमाणात दिलं तरी ते तगून राहतं. म्हणजे 'गिधाड म्हणजे गिधाड' म्हणून चालत नाही. भारतात २००६ साली गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ साली त्याही बंद झाल्या. पर्याय सापडला मेलॉक्सिकॅम. गाईलाही आराम आणि गिधाडालाही धोका नाही. दोघांचं हित एकत्र बसवणारं हे औषध कोणीतरी भेद नीट तपासला म्हणून सापडलं.

प्रजातीची व्याख्याही याच कामाचा भाग आहे. लांब चोचीचं गिधाड ही पूर्वी एकच प्रजाती मानायचे. २००१ साली दाखवून दिलं गेलं की त्या दोन आहेत. एक आपल्याकडे कड्यांवर घरटी करणारी, दुसरी हिमालयाच्या पायथ्याकडे आणि आसामात झाडांवर घरटी करणारी, सडपातळ चोचीची. यादीतल्या एका ओळीच्या दोन ओळी झाल्या. लांबून बघणाऱ्याला वाटेल, हा तर शब्दांचा खेळ. पण एकच मानलं असतं, तर एकीकडची गिधाडं मोजून 'अजून आहेत की' म्हणत आपण दुसरीला गुपचूप जाऊ दिलं असतं.

हा अभ्यास करणाऱ्यांत पामेला रासमुसेन होत्या. आपल्या महाराष्ट्राशी त्यांचं आणखी एक नातं आहे. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड १८८४ नंतर कोणाला खात्रीने सापडलं नव्हतं. संग्रहालयात १९१४ सालचा म्हणून एक नमुना होता, पण त्याची चिठ्ठी खोटी निघाली. जुनाच चोरलेला नमुना नवीन ठिकाण आणि नवीन तारीख लावून ठेवलेला. ती खोटी नोंद बाजूला सारून खऱ्या जुन्या ठिकाणी शोध घेतला, आणि १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा दिवसाढवळ्या बसलेला दिसला. ११३ वर्षं माणसांच्या लेखी तो नव्हता. तो मात्र होता. तिथेच, आपल्या झाडावर.

भगवंताची यादी

मग भेद बघणं राजस का म्हटलं? माझ्या समजुतीप्रमाणे राजस ज्ञानाचा दोष भेद दिसण्यात नाही, तिथेच थांबण्यात आहे. कारण स्वतः भगवंतांनीही यादी केली आहे!

दहावा अध्याय आठवा, विभूतियोग. पक्ष्यांमध्ये मी गरुड, जलचरांमध्ये मकर, वृक्षांमध्ये पिंपळ, गाईंमध्ये कामधेनू, सर्पांमध्ये वासुकी. एकेक नाव घेऊन सांगतात. ही अनुसूचीच झाली की! पण ती सुरू कुठून होते आणि संपते कुठे, ते बघा. विसाव्या श्लोकात आधी सांगतात, सगळ्या जीवांच्या हृदयात बसलेला आत्मा मी आहे. मग यादी. आणि चाळिसाव्या श्लोकात म्हणतात, माझ्या विभूतींना अंत नाही, हे मी फक्त थोडक्यात सांगितलं.

आधी सगळे, मग काही नावं, मग 'ही यादी पूर्ण नाही' असं स्वतः यादी करणाऱ्याचं सांगणं. कोणतीही यादी वाचायची रीत ही आहे, असं मला वाटतं. कायद्याची अनुसूची हवीच, ती जितकी नेमकी तितकी चांगली. ज्यांनी तीस-तीस वर्षं गिधाडं मोजली, चोची मोजल्या, त्यांनी सर्वभूतहिताचं कामच केलं, मग ते हा शब्द वापरोत न वापरोत. पण भक्ताने ती यादी वाचताना विसावा आणि चाळिसावा श्लोक सोडायचे नाहीत. ते सोडले की नाव नसलेला जीव आपल्यासाठी नसल्यासारखाच होतो. मग अठराव्या अध्यायातलं तिसरं ज्ञान उरतं, एकाच तुकड्याला सगळं मानणारं.

आणि आत्मा अमर म्हणून प्रजाती गेली तरी चालेल, असं म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारेन. आत्मा अमर आहे म्हणून आपण आजारी आईला औषध द्यायचं थांबवतो का? अमरत्व हे रडणाऱ्याला धीर द्यायला सांगितलं आहे. हात झटकायला नाही.

जटायू

आपल्या नाशिक जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यात सर्वतीर्थ टाकेद आहे. जटायू तिथे पडला अशी श्रद्धा आहे. रावणाशी लढून पंख तुटलेला म्हातारा पक्षी. सीतेचा शोध घ्यायची घाई असताना प्रभू थांबले. वडिलांचा मित्र म्हणून त्याला अग्नी दिला, पाणी दिलं. मेलेल्यावर जगणारा, अशुभ म्हणून लोक ज्याच्याकडे बघत नाहीत, त्या पक्ष्याला मुलाने बापाला द्यावा तसा निरोप मिळाला.

त्याच कुळातली पांढऱ्या पाठीची गिधाडं आपल्या रायगड जिल्ह्यात म्हसळ्याकडे अजून घरटी करतात. तिथल्या गावकऱ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी मेलेली गुरं त्यांच्यापर्यंत पोहोचवून त्यांना जपलं. पनवेलहून काही तासांचा रस्ता आहे. जटायूला बघायला त्रेतायुगात जायची गरज नाही.

आजचा संकल्प

तीन छोट्या गोष्टी. एक, आपल्या घराच्या आसपासचा एक पक्षी, एक झाड आणि एक किडा या आठवड्यात मराठी नावाने ओळखायला शिका. नाव घेणं ही आपली जुनीच साधना आहे, तिला थोडं पुढे नेऊ. दोन, गावी कोणाकडे गुरं असतील तर डॉक्टरांना विचारा, कोणतं वेदनाशामक देता? मेलॉक्सिकॅम चालेल का? हा एक फोन शंभर पोस्टपेक्षा मोठा. तीन, सोसायटीत, गावात, ऑफिसात जेव्हा कोणी विचारेल 'हे यादीत आहे का', तेव्हा उत्तर जरूर शोधा. आणि त्याच्या जोडीला शांतपणे दुसरा प्रश्न ठेवा, 'याचं हित कशात आहे?'

आज संध्याकाळी दिवा लावल्यावर दहाव्या अध्यायाचे विसावा आणि चाळिसावा हे दोन श्लोक म्हणा. मधली सगळी यादी मनात आपोआप येईल. तुम्हाला माहीत नसलेली नावंही तिच्यात आहेत असं समजून नमस्कार करा.

उद्याचं वाचन : अध्याय १८, श्लोक २३ ते २५, कर्माचे तीन प्रकार.

राम कृष्ण हरी!